स्त्रादिवारीच्या गावात, आणि तिथून लाकडाच्या मुळापर्यंत

गुरुवार

मिलानहून मांतोव्हाकडे जाणाऱ्या साध्या गाडीने सव्वा तासात क्रेमोना येतं. वाटेत बघण्यासारखं फार काही नाही. पो नदीचं सपाट खोरं, काढणीला आलेला मका, पॉप्लरच्या सरळ रांगा. भाचा मिलानला शिकतो आणि त्याला इटालियन बऱ्यापैकी येतं, म्हणून त्यालाच सोबत घेतलं होतं. "मामा, लोक इथून व्हेनिसला जातात," एवढं बोलून तो खिडकीला डोकं टेकून झोपला.

मी सांगलीचा. शेजारच्या मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे, पंढरपूरकडून येणाऱ्या भोपळ्यांचे ढीग तिथे लहानपणापासून बघितलेत. त्यामुळे सपाट मुलखात नदीकाठी एक गाव आहे आणि तिथे पिढ्यानपिढ्या एकच वाद्य, व्हायोलिन, घडतं, याचं मला नवल नव्हतं. कुतूहल होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. इथली परंपरा १७५० नंतर ओसरली, एकोणिसाव्या शतकात नाव घेण्यासारखे चार-दोन कारागीर उरले, आणि तरीही आज या गावात दीडशेच्या वर वर्कशॉपं आहेत. हे कसं झालं ते बघायचं होतं.

स्टेशनवरून चालतच कोर्सो गारिबाल्दी गाठला. ५७ नंबरचं घर अरुंद, उंच, खाली दुकानाची कमान. अंतोनियो स्त्रादिवारी, व्हायोलिन घडवणाऱ्यांतलं सगळ्यात मोठं नाव, १६६७ साली लग्न करून इथे राहायला आला. त्याच्या जन्माची नोंद कुठल्याच चर्चच्या वहीत सापडलेली नाही. म्हातारपणी वाद्यात चिकटवायच्या चिठ्ठीवर तो स्वतःचं वय लिहायचा, त्यावरून मागे मोजत १६४४ हे साल काढलेलं आहे. बायको फ्रांचेस्का फेराबोस्की. ती विधवा होती, तिचा पहिला नवरा १६६४ मध्ये भर चौकात मारला गेला होता. लग्न जुलैत, पहिली मुलगी त्याच डिसेंबरात. पुढचा हिशेब ज्याचा त्याने करावा. तेरा वर्षं हा संसार आणि वाद्यांचं काम या घरात चाललं.

याच्या वर्षभर आधीचं, १६६६ चं, एक व्हायोलिन आहे. त्याच्या आतल्या चिठ्ठीत स्त्रादिवारी स्वतःला निकोलो आमातीचा शिष्य म्हणवतो. आमाती म्हणजे इथलं मूळ घराणं. आंद्रेआ आमातीने सोळाव्या शतकात व्हायोलिनला आजचं रूप दिलं, त्याच्या मुलांनी ते पुढे नेलं. १६३० च्या प्लेगने गाव धुऊन काढलं, त्यात मुलगा जिरोलामोही गेला. मागे राहिलेला नातू निकोलो काही वर्षांनी घराबाहेरची पोरं हाताखाली घ्यायला लागला. एरवी ही विद्या घरातच राहिली असती. आंद्रेआ ग्वार्नेरी त्याच्याच घरात राहून शिकला. स्त्रादिवारी तिथे नेमका किती दिवस आणि काय म्हणून होता यावर अभ्यासक अजून भांडतात.

संध्याकाळी तोराझ्झोवर चढलो. विटांचा ११२ मीटर उंच घंटाघर-मनोरा, ५०२ पायऱ्या. मनोऱ्यावरचं सोळाव्या शतकातलं घड्याळ तासांबरोबर राशी आणि चंद्रही दाखवतं. वर भाचा पूर्ण जागा झाला. लाल कौलांचं गाव, पलीकडे पो, आणि उत्तरेला धुरकट हवेत आल्प्स असल्याचा नुसता संशय.

जेवायला मारुबीनी, म्हणजे मांस भरलेल्या पास्त्याच्या चकत्या, गरम रश्शात. सोबत उकडलेलं मांस आणि मोस्तार्दा: साखरेच्या पाकातली अख्खी फळं, त्यात मोहरीचा अर्क. पहिल्या घासाला गोड वाटतं, दुसऱ्या क्षणी नाकातून पाणी. मला फार आवडलं, भाच्याने बशी सरकवून दिली.

शुक्रवार

आजचा दिवस वर्कशॉपचा. आधी पत्र लिहून वेळ मागून घेतली होती. अट एकच: सकाळी यायचं आणि हात लावण्याआधी विचारायचं.

कारागीर बाई मूळच्या कोरियाच्या. इथल्या लिउतेरियाच्या, म्हणजे तंतुवाद्यं घडवण्याच्या, सरकारी शाळेत शिकायला आल्या आणि इथेच राहिल्या. या गावात हे सर्रास आहे. शाळेत निम्म्याहून अधिक चेहरे बाहेरचे दिसतात. शाळा १९३८ ची. आदल्या वर्षी स्त्रादिवारीच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली म्हणून गावात मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यातून ती निघाली. फॅसिस्ट राजवट होती, तिला आपल्या भूतकाळाची मिरवणूक काढायची होती. हेतू काही असो, शाळा टिकली, राजवट गेली.

खोली उत्तरेकडच्या खिडकीची. भिंतीवर ओळीने पटाश्या, कानशी, आरीची पाती, छताला दोरीवर टांगलेली रंग न दिलेली तीन पांढरी व्हायोलिनं. बाकावर एक लाकडी साचा, त्याला सहा जागी विलोचे ठोकळे सरसाने हलके चिकटवलेले. क्रेमोनाची पद्धत इथूनच वेगळी पडते. आतला साचा आधी, त्याभोवती बाजूच्या पट्ट्या वाकवायच्या आणि मग त्या चौकटीवरून पुढच्या-मागच्या फळीचा आकार आखून घ्यायचा. म्हणून एकाच साच्यावरची दोन वाद्यं तंतोतंत सारखी नसतात. पट्टी जरा इकडे-तिकडे वळते, आणि फळी तिच्यामागून जाते.

बाईंनी मॅपलची एक पट्टी घेतली. जाडी जेमतेम एक मिलिमीटर, रुंदी तीन बोटांपेक्षा कमी. ओल्या फडक्याने पुसली. बाकाच्या कडेला धातूचा एक लंबगोल नळकांडा बसवलेला, आतून विजेने तापलेला. त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघितला, थेंब उडाला, मग पट्टी टेकवली. चर्र आवाज, वाफ आणि साखर जळल्यासारखा वास. पट्टीच्या मागे पत्र्याची लवचीक फीत धरलेली, म्हणजे बाहेरच्या अंगाचे तंतू उसवत नाहीत. ज्या मॅपलवर आडव्या लाटांची झळाळी असते ते दिसायला देखणं, पण वाकवायला खाष्ट. त्याचे तंतू सरळ न जाता वर-खाली जातात आणि प्रत्येक लाटेपाशी तुटायची भीती. कमरेची वळणं सगळ्यात आवळ. बाई ढकलत नव्हत्या. नुसता दाब ठेवून थांबल्या होत्या, आणि एका क्षणी लाकूड आपण होऊन सैल पडलं. त्या क्षणाच्या आधी जोर केला तर मोडतं आणि नंतर वेळ लावला तर करपतं, असं भाच्याने भाषांतर केलं. दुसरी पट्टी मोडलीच. बाईंनी ती न बघता टोपलीत टाकली आणि तिसरी घेतली.

सरस आपल्याकडे सुतारकामात होता तोच, जनावरांच्या कातड्याचा. मंद आचेवर भांड्यात पातळ करून ठेवलेला. फेव्हिकॉलसारखं काही का वापरत नाही, हा माझा प्रश्न. उत्तर असं की व्हायोलिन उघडता यायला हवं. पुढची फळी तर मुद्दाम पातळ सरसाने चिकटवतात. हवा कोरडी पडली, लाकूड आकसलं की ताणाने आधी जोड सुटावा, फळी तडकू नये. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं व्हायोलिन आज वाजतं याला मोठं कारण हा कमजोर जोड आहे: दर दोन-तीन पिढ्यांनी कुणीतरी ते उघडलं, आतून डागडुजी केली आणि परत बंद केलं. पक्क्या गोंदाने चिकटवलं असतं तर फोडूनच उघडावं लागलं असतं.

पुढची फळी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची. पाचरीसारखा तुकडा मधोमध चिरून पुस्तकासारखा उघडतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या येतात. जोड खिडकीसमोर धरून बघायचा, उजेडाची रेघ दिसली तर परत रंधा. मग गोल पटाशीने मोठा भाग उडवायचा, त्यानंतर अंगठ्याएवढे पितळी रंधे, शेवटी पोलादाची पातळ पाती खरवडायला. कडेने तीन थरांची काळी-पांढरी-काळी बारीक पट्टी खाचेत बसवतात. ती मला आजवर नक्षी वाटायची. कडेला टोला बसला तर तडा आत शिरू नये हेही तिचं काम. आतून कोरताना पुढची फळी तीन मिलिमीटरच्या आसपास राहते, मागची मध्यभागी साडेचारपर्यंत जाड आणि कडेकडे उतरत जाते. बाई कॅलिपरने मोजत होत्या, पण मोजण्यापेक्षा फळी दोन बोटांत धरून पिळून बघण्याकडे त्यांचा कल जास्त. मध्येच कानाशी धरून बोटाच्या पेराने ठोकत.

साउंड पोस्ट बसवणं मी पहिल्यांदाच जवळून बघितलं. स्प्रूसची पेन्सिलपेक्षा बारीक काडी. इंग्रजी एस आकाराच्या वाकड्या सळईच्या टोकाला टोचून, पोटावरच्या फटीतून आत घालायची आणि घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या, उजव्या पायामागे दोन फळ्यांच्या मध्ये उभी करायची. सरस नाही, खिळा नाही, नुसत्या दाबावर उभी. बाईंनी एक तार ओढली, काडी केसभर सरकवली, परत ओढली. पहिला आवाज रुंद आणि जरा भुसभुशीत, दुसरा आटोपशीर. भाच्यालासुद्धा फरक कळला, आणि तो तबल्याची पट्टी न कळणारा माणूस आहे.

मग माझी पाळी. वाजवून दाखवा म्हणाल्या. मी जमिनीवर मांडी घातली, एक पाय पुढे काढला, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवलं आणि तारा सा-पच्या हिशेबाने खाली उतरवल्या. बाई खुर्चीवरून उठून समोर खाली येऊन बसल्या. पंडित गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार ही आमची माणसं याच बैठकीत वाजवत आली, हे सांगितलं. त्यांचं लक्ष मात्र डाव्या हाताकडे होतं. हनुवटीखाली धरणाऱ्याला डाव्या हाताने वाद्य थोडंफार सांभाळावंही लागतं. इथे ते पाय आणि छाती सांभाळतात आणि हात मींडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, मोकळा. थोडा यमन ऐकल्यावर त्यांनी कामाचं सांगितलं. तारा इतक्या उतरवून वाजवणार असाल तर घोडीवरचा दाब कमी होतो, त्यासाठी साउंड पोस्ट जरा सैल आणि वेगळ्या जागी लागेल, तुमच्या गावात हे कोण करतं? कोण करणार! आमच्याकडे दुकानातून आणलेलं व्हायोलिन आहे त्या काडीवर जन्मभर वाजतं.

गुपिताचं विचारल्याशिवाय राहवेना. येणारा प्रत्येक जण हे विचारत असणार, कारण उत्तर तयार होतं. व्हार्निशमध्ये काय होतं? पॅरिसच्या संशोधकांनी २००९ मध्ये स्त्रादिवारीच्या पाच वाद्यांचे कण तपासून निकाल जाहीर केला: जवसासारखं तेल, पाइन वर्गातल्या झाडाची राळ, काहींत लाल रंगद्रव्यं. त्या काळच्या कुठल्याही चित्रकाराकडे असायचा तोच माल. लाकूड? थंडीच्या काळात झाडं हळू वाढली म्हणून दाट झालं, असाही एक तर्क आहे. पण तेच लाकूड तेव्हाच्या सगळ्यांनाच मिळत होतं. आणि आवाज? २०१२ मध्ये पॅरिसजवळ दहा नामवंत वादकांना काळे चष्मे घालून सहा जुनी आणि सहा नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत स्त्रादिवारीची बहुतेक. स्वतःसाठी एक निवडा म्हटल्यावर दहापैकी सहांनी नवं निवडलं, आणि जुनं कुठलं, नवं कुठलं हे ओळखणं अंदाजापलीकडे गेलं नाही.

बाईंना या प्रयोगाचा आनंद होण्याचं कारण सरळ आहे. जुन्याचं गूढ जितकं मोठं, तितकं नव्या वाद्याचं गिऱ्हाईक कमी. एक व्हायोलिन करायला त्यांना रंगासकट तीन महिने लागतात. विचारू नये ते भाच्याने विचारलं, तर पंधरा हजार युरोंच्या पुढे. लंडनला २०११ मध्ये 'लेडी ब्लंट' नावाचं १७२१ चं स्ट्रॅड, म्हणजे स्त्रादिवारीचं व्हायोलिन, जपानच्या भूकंपग्रस्तांसाठी विकलं, ते जवळजवळ एक कोटी एकोणसाठ लाख डॉलरला गेलं. यातला किती भाग आवाजाचा आणि किती नावाचा, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

शनिवार

व्हायोलिन संग्रहालय पियाझ्झा मार्कोनीवर, २०१३ मध्ये उघडलेलं. काल वर्कशॉप बघितल्याचा फायदा आज झाला. उलट क्रमाने आलो असतो तर अर्ध्या गोष्टी काचेमागची जुनी लाकडं वाटली असती.

मुख्य दालन अंधारलेलं, लाल भिंती, एकेका पेटीत एकेक व्हायोलिन. आंद्रेआ आमातीचं १५६६ च्या सुमाराचं, फ्रान्सच्या नवव्या चार्ल्सच्या दरबारासाठी केलेलं. मागच्या फळीवर राजचिन्हाच्या सोनेरी चित्राचे अवशेष. निकोलोचं १६५८ चं. स्त्रादिवारीचं १६६९ चं, त्यात अजून गुरूची गोलाई दिसते. आणि १७१५ चं 'क्रेमोनेसे', पूर्वी जोसेफ योआखिम या एकोणिसाव्या शतकातल्या नामवंत वादकाकडे असलेलं, १९६१ मध्ये गावाने विकत घेतलेलं. ज्या गावात हजारो वाद्यं घडली, त्याला आपलंच एक परत बाजारभावाने घ्यावं लागलं.

गर्दी या दालनात असते. मी मात्र वेळ घालवला तो अलीकडच्या खोलीत, जिथे स्त्रादिवारीच्या वर्कशॉपमधलं सामान आहे. अक्रोडाच्या लाकडाचे साचे, प्रत्येकावर शाईने अक्षर: पी, पीजी, एस, जी. एकावर तारीख, ४ जून १६८९. ठोकळे बसवायच्या खाचा हातांनी गुळगुळीत झालेल्या. कागदाचे नमुने शेकड्यांनी: फटींची जागा, मानेची लांबी, खुंट्यांची पेटी, गिटारीचा आकार, हार्पचे तपशील. व्हायोलिनवाला म्हणून आपण त्याला ओळखतो, पण दुकानात येईल ते वाद्य हा माणूस करत होता. १६९० मध्ये तोस्कानाच्या मेदिची राजपुत्रासाठी वाद्यांचा संच केला, त्यातल्या मोठ्या व्हिओलाचे कागद इथे आहेत, त्यावर त्याच्याच हस्ताक्षरात सूचना. मी बराच वेळ एका कागदाकडे बघत राहिलो. वर्तुळाची एक कमान, तिच्या केंद्राशी कंपासच्या टोकाचं भोक, आणि त्याला खेटून आणखी भोकं. केंद्र जरा सरकवून परत कमान काढलेली. कुठली शेवटी वापरली ते कागदावरून कळत नाही.

माझ्या मते गुपित असलंच तर ते या खोलीत आहे आणि ते उघड्यावर आहे. १६६६ ते १७३७ अशी सत्तर वर्षं हा माणूस एकाच बाकावर बसून एक मिलिमीटर इकडे, अर्धा तिकडे करत राहिला. सुरुवातीला आमातीचा फुगीर घाट, १६९० च्या दशकात लांबट नमुना, तो सोडून १७०० नंतर रुंद छातीचा आणि सपाट पाठीचा. दोन मुलगे, फ्रांचेस्को आणि ओमोबोनो, जन्मभर हाताखाली. बापाने नव्वदी ओलांडेपर्यंत त्यांना स्वतःच्या नावाने फारसं काही करता आलं नाही. बाप १७३७ च्या डिसेंबरात गेला, पाच-सहा वर्षांत दोघेही गेले. मुलांच्या बाजूने हा इतिहास कुणी फारसा सांगत नाही.

आणखी एक गोष्ट फलकावर बारीक अक्षरात आहे, ती मोठ्या अक्षरात हवी होती. आज वाजतात त्या जवळजवळ सगळ्या स्ट्रॅड व्हायोलिनांची मान त्याची नाही. मोठी सभागृहं आली, सूर चढा लागला, तेव्हा जुनी मान काढून लांब आणि मागे झुकलेली बसवली, पुढच्या फळीला आतून चिकटवलेली लांब पट्टी, बास बार, बदलून मोठी केली, नंतर आतड्याच्या तारा जाऊन धातूच्या आल्या. म्हणजे आपण ज्याला स्त्रादिवारीचा आवाज म्हणतो त्यात पुढच्या कित्येक अनाम दुरुस्तीवाल्यांचा हात मिसळलेला आहे.

दुपारी संग्रहालयातल्या आर्वेदी सभागृहात छोटं वादन. इथे पेटीतली वाद्यं बारी-बारीने बाहेर काढून वाजवतात. पडून राहिलं की वाद्य मुकं होतं असं मानतात. आज १७२७ चं 'वेसुव्हियो'. वादक मधोमध, श्रोते चहूबाजूंनी, लाकडाच्या वळणदार भिंती; ध्वनिरचना यासुहिसा तोयोता यांची. वाद्याचा गोडवा मला काही विशेष वाटला नाही. हळू वाजवतानाही सुराची कड स्पष्ट राहत होती, हे मात्र खास. पण या सभागृहात कालचं पांढरं व्हायोलिनही बरंच शोभलं असतं.

२०१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत याच सभागृहात चार जुन्या वाद्यांचा एकेक सूर, एकेक गजफेक ध्वनिमुद्रित केली. उंच टाचांचे बूट फरशीवर वाजले तरी ते माइकमध्ये येत. मग महापौरांनी गावाला गप्प राहण्याची विनंती केली, आजूबाजूच्या रस्त्यांवर गाड्या बंद, सभागृहातले गुणगुणणारे दिवेसुद्धा काढले. पाच आठवडे गावाने ऐकलं. आपल्याकडे कुठल्या गावाला असं सांगायचं धाडस कोण करेल, हा विचार मी तिथेच सोडला.

रविवार

सकाळी पियाझ्झा रोमा. गावातली बाग, बाकं, कारंजं, पोरं. इथे पूर्वी सान दोमेनिको चर्च होतं. स्त्रादिवारीने १६८० मध्ये त्याच्यासमोरच घर घेतलं, सात हजार लिरांना, आणि मरेपर्यंत तिथे राहिला. वरच्या मोकळ्या माळ्यावर रंग दिलेली वाद्यं उन्हात टांगायचा. १७२९ मध्ये त्याने चर्चमधली एका जुन्या घराण्याची थडग्याची जागा स्वतःसाठी विकत घेतली. १८६९ मध्ये गावाने चर्च पाडलं, हाडं सरमिसळ होऊन गेली. शिळा तेवढी वाचली. बागेत आहे ती तिची नक्कल. घरही पुढे विसाव्या शतकात पाडलं.

हत्यारांचं आणि साच्यांचंही तेच होणार होतं. स्त्रादिवारीचा धाकटा मुलगा पाओलो कापडाचा व्यापारी. त्याने १७७५ च्या सुमारास सगळं पिएमाँतच्या काउंट कोझिओला विकलं. अट अशी म्हणतात, की माल क्रेमोनाबाहेर जायला हवा. काउंटने तो जपला, वाद्यांच्या मोजमापांच्या वह्या लिहिल्या. तिकडे लुइजी तारिझिओ नावाचा फिरता विक्रेता खेड्यापाड्यांतून जुनी व्हायोलिनं कवडीमोलाने गोळा करून पॅरिसला नेत होता. १८५४ मध्ये तो मिलानमध्ये मेला तेव्हा त्याच्याकडे व्हायोलिनांचा ढीग निघाला, आणि पॅरिसच्या व्हियोम या वाद्यकार-व्यापाऱ्याने धावत येऊन तो उचलला. साचे मात्र काउंटच्या वारसांकडेच पडून राहिले. १९२० मध्ये जुझेप्पे फियोरिनी या कारागिराने स्वतःचे एक लाख लिरे घालून ते घेतले आणि १९३० मध्ये क्रेमोनाला देऊन टाकले. बागेत स्त्रादिवारीच्या शिळेची नक्कल आहे, फियोरिनीच्या नावाची शिळा नाही. असायला हवी होती.

नुगासारखी मधाची आणि बदामाची तोरोने वडी घेतली, आणि दुपारच्या गाडीने उत्तरेला निघालो. ब्रेशा, व्हेरोना, त्रेंतो. ओराला उतरून काव्हालेसेची बस. डोंगर एकदम अंगावर येतात. रात्री थंडी.

सोमवार

फिएम्मेच्या खोऱ्यातलं जंगल पुष्कळसं सामाईक मालकीचं. ११११ सालच्या करारापासून चालत आलेली इथली ग्रामसंस्था अजून झाडं कधी आणि किती तोडायची ते ठरवते. प्रेदाझ्झोहून बस पकडून पानेवेज्जोला गेलो, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर. हे ते 'व्हायोलिनांचं जंगल'. स्त्रादिवारी स्वतः इथे येऊन झाडं ठोकून बघायचा ही गोष्ट प्रत्येक फलकावर आहे. गोष्ट म्हणून ठीक. नव्वदी गाठलेल्या, सदा कामात बुडालेल्या माणसाला लाकूड व्यापाऱ्याकडून मिळत असणार.

स्प्रूस इतके उंच आणि सरळ की मान दुखते. इथली उन्हाळी वाढ थोडी, माती फारशी सुपीक नाही, म्हणून वर्षवलयं बारीक आणि एकसारखी. तेच हवं असतं: वजनाला हलकं, लांबीत ताठ. फांदीची गाठ नको, खोडाला पीळ नको, उतारावर वाकून वाढलेलं नको. एवढं सगळं जमलेलं झाड क्वचित सापडतं. सप्टेंबर अखेर, त्यामुळे सांबराएवढ्या नरहरणांचे माजावरचे हंबरडे सकाळभर चालू. भाच्याने त्याचं ध्वनिमुद्रण करून सगळ्या गटांवर पाठवलं.

आणि मग एका वळणावर जंगल संपतं. उतारच्या उतार उघडे, बुंधे, करडी वाळलेली खोडं. २०१८ च्या ऑक्टोबर अखेरीस 'वाया' नावाचं वादळ आलं. एका रात्रीत ईशान्य इटलीत लाखोंनी झाडं आडवी झाली. पाठोपाठ पडक्या लाकडात साल पोखरणारा भुंगेरा माजला आणि वादळात उभी राहिलेली झाडंही त्याने खाल्ली. कुठल्याही फलकापेक्षा हा उतार जास्त सांगतो. नवी रोपं गुडघ्याएवढी दिसतात. त्यातून व्हायोलिनचं लाकूड निघायला दीडशे वर्षं तरी हवीत.

परतताना खाली खोऱ्यातल्या एका लाकडाच्या वखारीत शिरलो. छपराखाली पाचरी रचलेल्या, मध्ये हवा खेळायला पट्ट्या, प्रत्येक थप्पीवर खडूने साल. वखारवाल्याने एक ओंडका दाखवला: आरीने न कापता पाचर ठोकून फोडलेला, कारण आरी सरळ जाते आणि तंतू जातात तसे जातात, फोडल्यावरच पीळ कळतो. वादळात पडलेल्या झाडांतलं जे चांगलं निघालं ते इथे वाळत होतं. बाकीचं छताच्या वाशांना आणि खोक्यांना गेलं. एकदम इतका माल बाजारात आला की भावही पडला, म्हणाला.

एक पाचर घेऊ का, विचारलं. सुटी विकत नाही, पण घ्या म्हणाला. मी थप्पीवरच्या सालांकडे बघून २०१९ ची मागितली. त्याने डोकं हलवलं, मागे जाऊन वादळाच्या आधीची एक जुनी जोडी काढून आणली, बोटाने ठोकून ऐकवली आणि पाठीवर शिक्का मारून दिला. मिरजेत कुणाला दाखवायची ते मी तिथेच ठरवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या जोडीचं वजन विमानाच्या सामानात बसेल की नाही, याचा हिशेब भाचा बसमध्ये मोबाइलवर करत होता. बसत होतं, फक्त मोस्तार्दाच्या दोन बाटल्या त्याच्याकडेच ठेवाव्या लागणार होत्या, आणि त्याला ते मुळीच मान्य नव्हतं.